बंद नाकाचा आवाज

लोक म्हणायचे, दीपिकाचा नवरा नाकात बोलतो. लोक म्हणजे कोण, तर अख्खी चाळ. मला राग यायचा. एक तर माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची असतील तर मी आहे ना घरात, तुम्ही कोण टिकोजीराव? आणि दुसरं म्हणजे ते खरंच नव्हतं. नाकात बोलायला नाक मोकळं लागतं. ह्यांचं नाक बुजलेलं. 'म' म्हणायला गेले की 'ब'च्या आसपासचं काहीतरी बाहेर पडायचं, 'न' म्हणायला गेले की 'द'. "बला दको भात," असं म्हणायचे आणि मी मुद्दाम आणखी एक पळी वाढायचे.

हे म्हणजे विकास. लग्न होऊन मी वरळीच्या बीडीडी चाळीत आले तेव्हा मला वाटलं, नवऱ्याला सर्दी झालीय. रोज आल्याचा काढा करून द्यायचे. बिचारे प्यायचेही गुमान. शेवटी सासूच एक दिवस हसत सुटली. म्हणाली, "अगं पोरी, ती सर्दी नाय. तोच तुझा नवरा."

माझी सासू कमळाबाई. बाई खमकी. चाळीतली पोरं जिन्यात नाक चिमटीत धरून ह्यांची नक्कल करायची, त्यात तो लवू पहिला. एकदा सासूने त्याला झाडू घेऊन तळमजल्यापर्यंत पिटाळला होता. "माझ्या इकासची चेष्टा करतोस? तुझं नाकच उपटून ठेवते!" पुढे लवूला दोन पोरं झाली तरी तो आमच्या दारावरून जाताना अंग चोरून जायचा.

मग तिचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग मधलं. नंतर हळूहळू डोकंही साथ सोडायला लागलं. सकाळी जेवले का ते आठवायचं नाही, मी कोण ते कधी आठवायचं, कधी नाही. एकदा मला मंडईतली भाजीवाली समजून मेथी फार आखूड आहे म्हणून भांडली. पण एक गोष्ट कधी म्हणजे कधी चुकली नाही. संध्याकाळी हे कामावरून यायचे, गॅलरीच्या टोकावरूनच हाक मारायचे, "आये, बी आलो!" की ही बाई खाटेवर ताठ उठून बसायची. तोंड असं फुलायचं. "आला गं माझा इकास. पाणी दे त्याला."

घरात वंदना व्हायची ती तेव्हाच. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची, हे पुढे म्हणायचे, सासू मागून. हे विहारात कधी पुढे बसून म्हणाले नाहीत. एकदा पौर्णिमेला म्हणायला लावलं होतं तर मागची म्हातारी माणसं पदर आणि रुमाल तोंडाला लावून हसू दाबत होती. त्या पाठात काय, ओळीओळीला अनुस्वार आणि मकार. बंद नाकाच्या माणसाने करायचं काय? तेव्हापासून ह्यांची वंदना फक्त घरात, आईसाठी. तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिच्या मते जग चुकीचं म्हणायचं.

आता ऑपरेशनचं सांगते. ते मीच लावून धरलं, आणि आज कुणी विचारलं तरी सांगेन, बरोबर केलं. हे रात्री झोपायचे कुठे, नुसते घोरायचे, आणि घोरता घोरता श्वास अडकायचा. मी उठून हलवायचे तेव्हा गप्पकन हवा आत जायची. त्यात दमा. लोअर परळला ऑफिसांच्या एसी दुरुस्तीचं काम ह्यांचं, सगळी धूळ छातीत. वास तर कशाचाच यायचा नाही. एकदा घरात गॅस सुटला होता आणि हे त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत होते. बाईमाणसाने किती दिवस जिवावर उदार होऊन संसार करायचा?

परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. पांढुरकी, ओली, द्राक्षाच्या घडासारखी गाठोडी. दोन्ही बाजूंनी गच्च. आपण म्हणतो ना मांस वाढलंय, तेच. त्या पॉलिप म्हणाल्या. आवाज तोंडातून येतो असं आपल्याला वाटतं, पण त्यातला थोडा नाकात घुमायला लागतो, आणि ह्यांच्या नाकात घुमायला जागाच नाही, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाल्या, "काढल्यावर आवाज बदलेल. गाणारे लोक त्याला घाबरतात, म्हणून आधीच सांगते. तुम्ही गाता का?"

"दाही," हे म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. आवाज बदलेल म्हणे! बदलला तर सोन्याहून पिवळं, असंच आम्हाला वाटलं. म्हातारीचा विचार कुणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

त्याच सुमाराला चाळीतल्या खोलीच्या बदल्यात नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली. चाळीच्या बाजूला तोडकाम चालू, धुळीचे लोट, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की ऑपरेशननंतर धूळ अजिबात नको. मी म्हटलं, ठरलं तर. हे हॉस्पिटलात असतानाच सामान हलवायचं, आणि ह्यांनी हॉस्पिटलातून थेट नव्या घरात यायचं. चाळीतलीच मेघना, ती टॉवरमध्येही आमच्या शेजारी आली, तिच्या मदतीने मी म्हातारीला लिफ्टने वर नेलं. लिफ्ट वर चढताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

नवं घर छान. संडास घरात, खिडकी मोठी, खाली समुद्राची पट्टी दिसते. म्हातारीला काय त्याचं? तिला चाळ कानाने पाठ होती. नळावरची भांडणं, समोरच्या खोलीतला शिवणयंत्राचा आवाज, गॅलरीतली चपलांची फटफट. इथे दार लावलं की चिडीचूप. ती दिवसभर मान वळवून वळवून काहीतरी ऐकायला बघायची. "कुठं आणलंत मला?" दर थोड्या वेळाने एकच प्रश्न. मी सांगायचे, "आई, आपलं नवं घर हे." ती म्हणायची, "आपल्या घरात इतकं गप कोण असतं?"

हे घरी आले तेव्हा नाकातल्या पट्ट्या काढलेल्या होत्या, पण आत सूज, खपल्या. आवाज अजून जुनाच, उलट जरा जास्तच बंद. दारातून म्हणाले, "आये, बी आलो," आणि म्हातारी अशी रडली, अशी रडली! ह्यांचा हात धरून बसली. जेवली, झोपली. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ बेसिनवर वाकून हे एका नाकपुडीत पाणी घालायचे, दुसरीतून बाहेर. खपल्या निघत गेल्या, सूज उतरत गेली आणि आवाज मोकळा होत गेला. एकदम नाही. आज एक शब्द, उद्या दुसरा. मला मजा वाटायची, लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा 'नको' हे 'नको'सारखं म्हणत होता! पण म्हातारी दर दिवशी जरा जास्त वेळ कान देऊन ऐकायची. उत्तर द्यायला वेळ लावायची. रोज थोडा थोडा तिचा मुलगा कमी होत होता आणि ते आम्हाला कळत नव्हतं.

एके सकाळी हे तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "आये, मी चहा आणू?"

'मी' असा खणखणीत आला की मीच चमकून बघितलं. म्हातारीने खाटेवर पाय वर ओढून घेतले.

"कोण हाय?"

"मी गं आये. विकास."

"इकास कुठाय?"

"अगं मीच."

"दीपिका!" म्हातारी ओरडली. "घरात मानूस घुसलाय! बिल्डरचा मानूस हाय. इकासला कुठंतरी पाठवलाय आणि खोली घ्यायला आलाय!"

ह्यांनी तिचा हात आपल्या तोंडावर ठेवला. तिने चाचपलं. कपाळ, मिशी, कान. कानावर बोटं थांबली. मला वाटलं, ओळखलं. म्हणाली, "कान त्याच्यासारखा हाय. पण कुणाचाबी कान कुणासारखा असतो." आणि हात झटकून पदराला पुसला. अहो, पदराला पुसला!

तो दिवस आणि पुढचे किती दिवस, आमच्या नाकी नऊ आले. हे बोलले की ती किंचाळायची. गप्प राहिले तर म्हणायची, तो मानूस अजून हितंच हाय, मला त्याचा श्वास ऐकू येतोय. ह्यांच्या हातचं पाणीही घ्यायची नाही. मेमरीच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, डोळे नाहीत, आठवण नाही, जागाही नवी. मुलाला ओळखायची एकच खूण शाबूत होती, ती गेली. सवय होईल कदाचित. कदाचित नाही. असल्या उत्तराला काय करायचं, चाटायचं?

एकदा ह्यांनी नाक चिमटीत धरून बोलून बघितलं. मीच सुचवलं होतं. "आये, बी आलो." म्हातारीने कान दिला आणि मग उशाची काठी उचलून जी हाणली ती ह्यांच्या मनगटावर बसली. "चेष्टा करतोस? माझ्या इकासची चेष्टा करतोस, मेल्या? लवूचा पोरगा ना तू?" हे मनगट चोळत बाहेर आले आणि बेसिनपाशी उभे राहिले. तोंड धुवायचं नाटक करत होते. माझा नवरा सहज रडणाऱ्यातला नाही.

मग मेघनाने डोकं चालवलं. म्हणाली, "अगं दीपिका, मोबाईलमध्ये भावजींचे जुने व्हॉइस मेसेज असतील ना? ते ऐकव की म्हातारीला." होते. हे कधी टाईप करायचे नाहीत, बोलून पाठवायचे. मी एक लावला. "दीपिका, येतादा बासळी आणू का? आयेला बांदेली आवडतात, बिळाली तर बघतो."

म्हातारी उठून बसली! "आन रे. आन. मांदेली आन. लवकर ये."

मी परत लावला, तिने परत तेच सांगितलं, तेवढ्याच आनंदाने. हे दाराआड उभे राहून ऐकत होते. स्वतःच्याच जुन्या आवाजावर आई जीव ओवाळून टाकतेय आणि आपल्याला मात्र ती खोलीत शिरू देत नाही. मला वाटलं, निदान तिला तरी बरं वाटतंय. पण कसलं काय! ती वाट बघायला लागली. येतो म्हणाला, अजून आला नाय. जेवेना. दार वाजलं की मान उचलायची. दोन दिवस मांदेल्यांचं कालवण पुढ्यात ठेवलं तर म्हणाली, "तो आल्यावर." तिसऱ्या दिवशी मी ते मेसेज बंद केले. मेघना म्हणाली, डिलीट कर. ते मात्र मला जमलं नाही.

ह्या सगळ्यात ह्यांना वास यायला लागला होता. हे कुणाला सांगायचं? माणूस ऑपरेशनला जातो, वास परत येतो, घरात पेढे वाटायला हवेत. हे एकदा स्वयंपाकघरात आले, कढईवर वाकले आणि लसणीच्या फोडणीचा वास घेत उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "आयेला वास आहे गं."

"कसला वास? रोज अंघोळ घालते मी."

"तसा नाही. खोबरेल, मिश्री आणि गोधडीचा. मी शाळेत होतो तेव्हाचा. ती झोपली होती, मी जवळ जाऊन घेतला." आणि मग म्हणाले, "जागी असती तर ओरडली असती."

मी पोळपाट-लाटणं पुढे ओढलं आणि पोळ्या लाटत बसले. अशा वेळी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होत नाही.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई खूश, नाक स्वच्छ. ह्यांनी विचारलं, "परत वाढतं का हे?" त्या म्हणाल्या, "वाढू शकतं. बऱ्याच जणांचं वाढतं. म्हणूनच स्प्रे रोज मारायचा, न चुकता." हे म्हणाले, "आणि नाही मारला तर किती दिवसांत?" बाईंना वाटलं, घाबरलाय बिचारा. त्यांनी पाठीवर थोपटलं. मी मात्र ह्यांना ओळखून आहे. घरी येऊन कपाट उघडलं तर स्प्रेची बाटली सीलबंद.

मग मी जी सुटले! "परत बुजवायचंय नाक? परत रात्री मी तुम्हाला हलवत बसू? श्वास अडकून पडलात म्हणजे तुमच्या आईला मुलगा मिळेल होय? आणि मला काय मिळेल?" शेजारीपाजारी ऐकू गेलं असेल, गेलं तर गेलं. हे खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "ओरडू नको. मी हिशेब केला. मांस वाढायला वर्ष तरी जाईल. तितकं तिच्याकडे नाही." आणि माझ्यासमोर बाटलीचं सील फोडून दोन्ही नाकपुड्यांत स्प्रे मारला. मला भांडण जिंकल्याचं काडीचं सुख झालं नाही.

त्यानंतर आली पौर्णिमा. ऑपरेशनपासून घरात वंदना झालीच नव्हती. हे म्हणाले, आज म्हणतो, बाहेरच्या खोलीत हळू आवाजात म्हणतो, तिचं दार लावून घे. मी दार ओढलं, पण नव्या घराची दारं धड लागत नाहीत, फट राहतेच. ह्यांनी मेणबत्ती लावली आणि सुरुवात केली. मी ऐकतच राहिले हो. प्रत्येक अनुस्वार असा घुमत होता, पितळी भांड्यावर टिचकी मारावी तसा. विहारात हसणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना आणून बसवायला हवं होतं, एकेकाला कॉलर धरून.

आतून आवाज आला. म्हातारी मागून म्हणत होती.

मी दार उघडलं. ती खाटेवर हात जोडून बसली होती, डोक्यावर पदर. कित्येक दिवसांत इतकी शांत दिसली नव्हती. वंदना संपल्यावर म्हणाली, "दीपिका, विहारातले भंतेजी आलेत काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे.

"किती स्वच्छ म्हणतात," म्हातारी म्हणाली. "आत बोलव की त्यांना. भंतेजींना बाहेर बसवतात काय?"

हे आत गेले. म्हातारी खाली उतरली, मी धरेधरेपर्यंत गुडघ्यांवर बसली आणि ह्यांच्या पायांसमोर जमिनीला डोकं टेकवलं. जन्म दिलेल्या पोराच्या पायांसमोर. हे एकदम मागे सरकले आणि भिंतीला टेकले. मीच मग म्हटलं, "भंतेजी आशीर्वाद देतायत, आई. उठा आता."

तेव्हापासून हे आमच्या घरात भंतेजी झाले. हसावं की रडावं! किंचाळणं थांबलं. भंतेजी बोलले की म्हातारी हात जोडून ऐकायची. भंतेजींनी सांगितलं की औषध घ्यायची, भंतेजींनी सांगितलं की जेवायची. पण भंतेजींचे नियमही लागू झाले ना. भंतेजी दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून हे कामावरून आले की स्वयंपाकघराचं दार लावून, ताटाचा आवाज न करता जेवायचे. आणि भंतेजींना बाईमाणसाने हात लावायचा नसतो. एकदा तिला ठसका लागला, ह्यांनी पाठीवरून हात फिरवला, तर ती अंग आक्रसून म्हणाली, "नको भंतेजी, मला पाप लागेल." आई जवळ बसवून घेत होती आणि हात लावू देत नव्हती.

मी एकदा म्हटलं, "सांगून टाका ना खरं." हे म्हणाले, "सांगितलं तर परत बिल्डरचा माणूस होईन. हे बरंय."

पण तिने मुलाची वाट बघणं सोडलं नव्हतं. फक्त विचारायचं बंद केलं. माझ्याशी बोलताना इकासचं नाव निघालं की ती विषय बदलायची. मला वाटलं, विसरली. मेघनाही म्हणाली, एका परीने बरं झालं. काय अक्कल आमची!

थंडी सुरू झाली आणि म्हातारीच्या छातीत कफ धरला. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, हॉस्पिटलात नेलंत तर नळ्या घालतील, बाकी वय बघता तुम्हीच ठरवा. हॉस्पिटलचं नाव काढल्यावर तिने खाटेचा कठडा धरून ठेवला. मग घरीच. दिवसेंदिवस ती गोधडीत लहान होत गेली.

रविवारची दुपार होती. हे उशाशी खुर्ची घेऊन बसले होते, मी पायथ्याशी तिचे तळवे चोळत होते. म्हातारी म्हणाली, "भंतेजी."

"बोला, उपासिका," हे म्हणाले. भंते बायांना तसंच म्हणतात. ह्यांना आता ते सवयीचं झालं होतं. मला नाही झालं.

"भंते खोटं बोलत नायत ना?"

"नाही."

"ही लोकं मला सांगत नायत. म्हणून तुमाला इचारते." तिला दम लागला. थांबली. "माझा इकास मेला काय?"

माझे हात तिथेच थांबले. म्हणजे इतके दिवस ही बाई हे पोटात घेऊन पडली होती. हॉस्पिटलात गेला, परत आला, आवाज रोज कमी होत गेला, मग बंदच झाला, आणि घरात भंते येऊन बसले. घरात मयत झाल्याशिवाय रोज रोज भंते कशाला येतील? ती आमच्यापेक्षा शहाणी होती. तिने हिशेब बरोबर मांडला होता.

मी तोंडाला पदर लावला. माझ्या मनात आलं, आता तरी सांगा, ओरडून सांगा, ओळखो न ओळखो.

"नाही, उपासिका," हे म्हणाले. आवाज जराही हलला नाही. "तो जिवंत आहे."

"खरं?"

"खरं. तो इथेच आहे. तुमच्या उशाशी बसलाय."

म्हातारीने मान वळवली. डोळ्यांत काही नव्हतं, पण सगळा चेहरा तिकडे गेला. "हितं?"

"इथेच."

"मग बोलत का नाय?"

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी मिशीवर उतरत होतं आणि आवाज मात्र भंतेजींचाच ठेवायचा होता. म्हणाले, "रडतोय."

"रडू नको म्हणावं," म्हातारी म्हणाली. "रडला की नाक आणखी बंद होतं त्याचं. मग रातभर झोपत नाय."

आणि तिने गोधडीतून हात बाहेर काढला. भंतेजींसाठी नाही, मुलासाठी. भंते खोटं बोलत नाहीत, तेव्हा मुलगा तिथे होताच. ह्यांनी हात पुढे केला. तिने दोन्ही हातांत घेतला, एक एक बोट दाबून बघितलं, मनगट चाचपलं, आणि ह्या वेळी पदराला काही पुसलं नाही. "गार पडलाय," म्हणाली. "जेवला नसेल. दीपिका, वाढ त्याला."

"वाढते, आई."

"भंतेजी, वंदना म्हणा. तुमी म्हणा, तो ऐकंल. त्याला येत नाय नीट, पन मन लावून म्हणतो."

हे म्हणायला लागले. तिच्या लेखी खोलीत दोघे होते. एक भंते, वंदना म्हणणारे, आणि एक मुलगा, हात धरून गप्प बसलेला. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं काम करता येत नव्हतं. ती थोडा वेळ मागून म्हणत होती, मग नुसते ओठ हलत होते, मग तेही थांबले. मी तिच्या छातीवर हात ठेवून बघितलं आणि ह्यांना मानेने खूण केली.

ह्यांनी पाठ मध्येच सोडला नाही, शेवटपर्यंत म्हटला. मग खुर्चीवरून खाली उतरले, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"आये," हे म्हणाले, "मी आलो."

किती स्वच्छ ऐकू आलं ते.